सुटकेसमधून आलेला संत्रा

माझ्या गळ्यात हार होता आणि समोर ताट आलं. ताटात ओल्या फडक्यावर संत्र्याच्या हिरव्या काड्या मांडलेल्या होत्या.

बोरगावचे संत्रा बागायतदार वासुदेवराव यांच्या बगीच्यात नव्या संत्र्याच्या काड्या वाटायचा कार्यक्रम होता. मी मूळची सौंसरची, नागपूरला प्लांट क्वारंटाईनमध्ये नोकरीला. परदेशातून येणाऱ्या रोपात, बियाण्यात रोग-कीड नाही ना, हे तपासणं आमचं काम. म्हणून मी पाहुणी.

"घ्या मॅडम, पयली काडी तुमाले," वासुदेवराव म्हणाले. "बिनबियाचा संत्रा हाये. सगळ्याइले वाटून राहिलो."

संत्र्याचं झाड असंच वाढवतात. जंबेरी नावाच्या आंबट लिंबाच्या रोपावर चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, बसवायचा. एका काडीवर चार-पाच डोळे, म्हणजे एका काडीत चार-पाच झाडं.

"काका, कोणत्या नर्सरीतून आणला?"

"नर्सरी? अजी, माही पोरगी ब्राझीलहून घेऊन आली मांगच्या वर्षी. सुटकेसमधी, ओल्या मोज्यात गुंडाळून. एअरपोर्टवर कोनाले पत्ताबी नाही लागला!"

मांडवात हशा पिकला. जी गोष्ट देशात येऊ नये म्हणून आम्ही रोज पहारा देतो, ती माझ्या गावाशेजारी वर्षभर वाढत होती आणि मला हार घालून तिची ओळख करून दिली जात होती.

मी बाजूला जाऊन बॉसना फोन लावला आणि ऐकलेलं सगळं सांगितलं.

"किती झाडांवर कलम बांधलंय?" त्यांनी विचारलं.

"एक अख्खी ओळ आहे, सर. आणि आत्ता काड्या वाटताहेत."

"वाटप थांबवा. जागा सोडू नका. टीम पाठवतो."

मी माईक घेतला आणि काड्या परत मागितल्या. वासुदेवरावांचा चेहरा लाल झाला.

"मॅडम, तुमाले पाहुनी म्हनून बोलावलं, अन् तुमी मले चोर ठरवून राहिल्या?"

"चोर नाही काका. पण तिकडे संत्र्याला एक रोग आहे, आपल्याकडे अजून आलेला नाही. जिवाणू झाडाच्या पाण्याच्या नळ्या तुंबवतात. फळ लिंबाएवढं राहतं, दगडासारखं. रस शोषणारे किडे तो दुसऱ्या झाडावर नेतात. औषध नाही."

"माही झाडं तर हिरवीगार हायेत नं!"

"असतील. लक्षणं दिसायला वेळ लागतो. म्हणून तर परवाना घेऊन आणायचं, आणि आणल्यावर वेगळं ठेवून तपासायचं."

कोणी उठेना. मग वासुदेवरावांच्या पत्नी, सुमनकाकू, रिकामं ताट घेऊन उठल्या. "टाका जी काड्या इथं," त्या एकेकापुढे उभ्या राहून म्हणू लागल्या. "उद्या तुमच्या बगीच्यात काई झालं, तर आमाले तोंड दाखवाले जागा राहनार नाही." ताट भरलं. तिगावचा एक पाहुणा काडी घेऊन आधीच निघाला होता. आमच्या माणसानं त्याला घरी गाठलं, तेव्हा तो काडीचे डोळे काढायला चाकू पाजळत होता.

टीमनं नमुने नेले, बगीच्यातून कलम बाहेर न्यायला बंदी घातली. खरं सांगते, अहवालात काही निघणार नाही, असं मला आतून वाटत होतं.

निघालं. ब्राझीलच्या दोन कलमांत. आणि शेजारच्या ओळीतल्या एका जुन्या झाडात, ज्यावर कोणी कलम बांधलं नव्हतं. किड्यांनी काम सुरू केलं होतं. अहवाल मी तीनदा वाचला.

सांगायला मीच गेले. वासुदेवराव ओट्यावर बसले होते. जुन्या ओळीला त्या वर्षी बहार चांगला आला होता.

"दोनी ओळी काढा लागतीन?"

"हो काका. मुळासकट. तिथंच जाळायचं."

"मंग मजूर नका आनू. मीच काढतो." ते कुऱ्हाड घेऊन उठले. पहिला घाव घातला आणि तिथंच मटकन बसले. उरलेलं त्यांच्या भावांनी केलं. धूर थेट रोडपर्यंत दिसत होता.

त्यानंतर आजूबाजूचे बगीचे आम्ही प्रत्येक हंगामात तपासले. आतापर्यंत काही सापडलं नाही. काडी आणणाऱ्या त्यांच्या मुलीवर नियमाप्रमाणे कारवाई झाली. तिनं फोनवर मला एवढंच विचारलं, "एका काडीनं इतकं होतं का, मॅडम?"

होतं. आजारी माणूस निदान खोकतो. आजारी काडी हिरवीगार दिसते आणि गप्प बसते. तिच्या वतीनं बोलायला म्हणून तर सरकार आम्हाला पगार देतं.