बोटावरचा गूळ

"दुपारी गूळ खाताय तुम्ही," डॉक्टर ग्राफवर पेन टेकवत म्हणाले.

"शप्पत न्हाय ओ," आप्पा म्हणाले. "जिभेला लावत न्हाय मी. मला बोटानंच कळतंय की."

आप्पा मूळचे गडहिंग्लजचे, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे अडते. सौद्यात ढेप अंगठ्याने दाबायची, कण चोळायचा आणि गुळाची प्रत सांगायची. जन्मभर हेच केलेलं. मी त्या डायबेटिस क्लिनिकमध्ये टेक्निशियन होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. पोटावर सेन्सर लावून तीन दिवस सतत साखर नोंदवणारं मशीन आमच्याकडे नवंकोरं आलं होतं आणि त्याचा तोरा डॉक्टरांपेक्षा मलाच जास्त होता.

खरं तर सेन्सरला साखर कळत नाही. त्याला कळतो विजेचा बारीकसा प्रवाह. किती प्रवाहाला किती साखर म्हणायचं, हे आपण शिकवायचं. त्यासाठी रोज चार वेळा बोट टोचायचं आणि ग्लुकोमीटरचा आकडा मशीनमध्ये भरायचा. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. चुकीचा आकडा भरला, तर मशीन तोच खरा धरतं.

आप्पांनी एकही वेळ चुकवली नाही. सकाळ-रात्र घरी, मधल्या दोन वेळा यार्डात, सौदा चालू असतानाच. घरचे आकडे बरे, यार्डातले चढे. त्यांच्या नोंदवहीची पानं एकमेकांना चिकटली होती. मी ती नखाने सोडवली आणि हसले, "आप्पा, वहीपण गोड केलीत की!" तेवढ्यावरच सोडून दिलं.

दुपारची साखर उतरावी म्हणून डॉक्टरांनी सकाळचं इन्सुलिन वाढवलं.

आठवड्याने भर दुपारी त्यांच्या मुलाचा, बसवराजचा फोन आला. "मॅडम, आप्पा सौद्यात पडल्यात. घामानं भिजल्यात, बोलंनात."

"आधी मीटर लावा."

"लावलं. दोनशे चाळीस दाखवतंय."

"मग गोड काही देऊ नका. तसेच घेऊन या."

आणल्यावर शिरेतून रक्त घेतलं. साखर अवघी अठ्ठावीस. नर्स ग्लुकोज चढवत होती. मी आप्पांचा हात धरला, तर माझी बोटं चिकटली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीटरने रक्ताबरोबर बोटावरचा गूळही मोजला होता. टोचण्याआधी स्पिरिटने पुसा, असं मीच शिकवलं होतं. स्पिरिटने गूळ निघत नाही, साबण-पाणी लागतं. आणि बोटानंच कळतं, हे आप्पांनी तर आम्हाला तोंडाने सांगितलं होतं.

आप्पा पडले तिथे चारी बाजूंना गुळाच्या ढेपा होत्या. चिमूटभर गालात चोळला असता तरी कदाचित निभावलं असतं. नको म्हणाले मीच.

आप्पा वाचले, पण मेंदूला इजा झाली ती झालीच. पुढे एकदा मी त्यांना यार्डात भेटायला गेले. बसवराजने सवयीने ढेप पुढे केली. आप्पांनी अंगठा दाबला, कण चोळला आणि बोटांकडे नुसते बघत राहिले. मला तिथे उभं राहवेना.

आता नव्या पेशंटला मी आधी बेसिनपाशी नेते आणि समोर उभी राहून साबणाने हात धुवायला लावते. डॉक्टर म्हणतात, यात फार वेळ जातो. जाऊ दे. हात धुऊन होईपर्यंत मी आणखी एक विचारून घेते, "काम काय करता तुम्ही?"