न मारलेली थप्पड

ती कागद उलटा ठेवायची. आपण मन लावून लिहिलेलं वाचून संपवायचं, कागद पुढं सरकवायचा, आणि तिनं तो उचलून पालथा घालायचा. वर तळहात दाबायचा आणि म्हणायचं, "खोटं हाय."

बस, एवढंच. का, कसं, पुढं काय करावं, ते नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती खरं बोलतात, आणि तरी, किंवा त्यामुळंच, त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते.

आम्ही बाराजण होतो. एका वाहिनीनं नव्या मालिकालेखकांसाठी बोईसरमध्ये प्रशिक्षण वर्ग काढला होता. 'ज्यांच्या गोष्टी पडद्यावर येत नाहीत' अशा लोकांना शिकवायचं, आणि त्यातल्या दोघांना मुंबईला मालिकेच्या लेखनात घ्यायचं, अशी योजना होती. शनिवार-रविवार एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत आम्ही बसायचो. चिंचणीचा एक चिकूवाला होता, डहाणूकडच्या पाड्यावरची दोन मुलं होती, कारखान्यातले हिंदी बोलणारे तिघं होते. मी इथल्या एका खाजगी शाळेत मराठी शिकवते. वडील सांगलीकडून अणुऊर्जा केंद्रात नोकरीला आले आणि आम्ही कॉलनीत वाढलो. माझं मराठी शुद्ध, अक्षर वळणदार. वर्गात आपला पहिला नंबर येणार हे मी मनात धरूनच गेले होते.

आणि मग ती आली. चाळिशीची, मुरबे या कोळ्यांच्या गावातली. औषधाच्या कंपनीत ठेक्यावर पॅकिंगला जायची. दहावी नापास. तोंडावर आम्ही तिला ताई म्हणायचो, पाठीमागं 'मुरब्याची'. मला ती पहिल्या दिवसापासून 'टीचर' म्हणायची, आणि त्या शब्दात आदराचा अंशही नसायचा.

पहिल्याच रविवारी मी एक प्रसंग वाचला. कोळ्याची बायको किनाऱ्यावर उभी आहे, नवरा होडी घेऊन गेलाय, तिच्या डोळ्यांत समुद्र दाटून आलाय, वगैरे. वाचताना माझाच आवाज भरून आला. शिकवायला वाहिनीनं पाठवलेले सर टाळी वाजवायच्या बेतात होते.

तिनं कागद पालथा घातला. "खोटं हाय. टीचर, दर्याकडं बघून रडत बसायला टाईम कोणाला हाय? तो गेला की आमी झोपतो. तेवडीच झोप मिलते."

सगळी खोली हसली. मीही हसले. घरी गेल्यावर मी तो प्रसंग फाडला आणि तिला मनातल्या मनात जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सहा महिने हे असंच चाललं. चिकूवाल्यानं प्रेमाचा प्रसंग लिहिला, खोटं हाय. पाड्यावरच्या मुलानं शहरातला गुंड लिहिला, खोटं हाय. एकदा तो मुलगा रडवेला झाला, तेव्हा मी भांडायला उठले. "ताई, तुम्हाला दुसरा शब्द येतो का?"

"येतो ना," ती म्हणाली. "पन तो अजून लागला नाय."

तो शब्द एकदाच लागला, आणि तोही मला. सरांनी घरचं काहीतरी लिहायला सांगितलं होतं. मी आईबद्दल एक पान लिहिलं. रसायनांच्या कंपन्यांचा वास सुटला की आई खिडक्या लावून घ्यायची आणि मग गुदमरतं म्हणून पुन्हा उघडायची, आणि दोन्ही वेळा बाबांवर चिडायची, एवढंच. मला स्वतःला ते पान फालतू वाटत होतं. तिनं कागद उचलला. हातात धरून ठेवला. मग सुलटा माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "ह्ये ठेव."

त्या दोन शब्दांचा मला झालेला आनंद मी तिला कधी माफ केला नाही. शिकलेल्या चारजणांनी वाहवा केली असती तरी मला एवढं भरून आलं नसतं, आणि ते तिच्याकडून आलं याचाच राग यायचा.

ती थेट कागदावर लिहायची नाही. आधी मोबाईलवर बोलायची, मग मुलीच्या वहीत उतरवून आणायची. वाचताना सगळी पात्रं तीच. शेवटच्या महिन्यात तिनं स्वतःच्या सासूचा प्रसंग वाचला.

तिची सासू तिच्याशी सात वर्षं बोलत नव्हती. सून मासळी विकायला बसायची सोडून कंपनीत गेली, हा राग. घर एक, चूल एक, बोलणं बंद. सुट्टीच्या दिवशी सून बोंबील सुकत घालायची. बोंबील जोडीनं टांगतात, जबड्यात जबडा अडकवून, बांबूच्या दांडीवर. ती टांगत पुढं जायची आणि सासू मागून यायची, तिनं टांगलेली एकेक जोडी सोडवायची आणि स्वतःच्या हातानं पुन्हा टांगायची. सात वर्षं. एक दिवस सासू मागून आली. पहिली जोडी बघितली, पुढं गेली. दुसरी बघितली, पुढं गेली. अख्खी दांडी संपली, तिनं एकाही जोडीला हात लावला नाही. टोकाला पोचल्यावर म्हणाली, "उद्या लवकर ऊठ. माल जास्त हाय."

इथं प्रसंग संपला. सरांनी घसा खाकरला आणि विचारलं, "छान आहे. पण इमोशन कुठंय?"

निवड झाली ती आम्हा दोघींची. मी शाळेतून रजा काढली. तिला ठेक्याच्या कामात रजा कोण देणार? तिनं कंपनी सोडली.

मुंबईच्या ऑफिसात आम्ही रोज समोरासमोर बसायचो आणि कामापुरतंच बोलायचो. मालिका कोळीवाड्यातली होती. वर्गातले सरच इथं मुख्य लेखक होते. ते सांगायचे, नायिकेला सकाळी उठल्यापासून अंगभर दागिने हवेत. ती म्हणायची, "मासं कापताना पाटल्या कोन घालतं?" सर माझ्याकडं बघून हसायचे. मीही हसायचे. त्या हसण्यात मी सरांच्या बाजूला सरकत होते, हे मला कळत होतं, आणि बरंही वाटत होतं.

तिचा बोंबलांचा प्रसंग मालिकेत घ्यायचं ठरलं. ठरलं त्या आठवड्यात तिची मुलगी तापानं फणफणली, म्हणून ती मुरब्याला होती. सरांनी मला बोलावलं. "यात काही घडतच नाही. सासूनं एक थप्पड मारू दे. 'कंपनीत जाऊन घराण्याची अब्रू घालवलीस' असं काहीतरी. मग पश्चात्ताप, पाया पडणं. संवाद तू लिही."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. निदान तिला फोन करता आला असता. मी बसले आणि लिहिलं. फार चांगलं लिहिलं. थप्पड लिहिताना हात थरथरला वगैरे म्हणाले तर ते खोटं होईल. उलट एक प्रकारची मजा आली. सहा महिन्यांत पालथे पडलेले सगळे कागद त्या थप्पडेत होते.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "टीचर, माजा शीन हाय ना तसाच?"

"हो," मी म्हणाले. "थोडं पॉलिश केलंय."

"बरं," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "तू हायस म्हनून विचारलं." हे ती का म्हणाली ते मी त्या वेळी समजून घेतलं नाही.

तो भाग दाखवला त्या दिवशी तिनं काय केलं, ते मला चिकूवाल्याकडून कळलं. त्याच्या बहिणीला मुरब्यातच दिलंय. ताईनं अख्ख्या आळीला घरी बोलावलं होतं. सासूला पुढ्यात खुर्चीवर बसवलं होतं. "आये, आज तुजं दाखवनार हायत." पडद्यावर सासू आली, बोंबलाची दांडी आली, आणि दांडीपाशी सासूनं सुनेला फाडकन मारलं. एकदा नाही, मालिकांच्या पद्धतीप्रमाणं तीच थप्पड तीन बाजूंनी तीनदा. मग नावं आली. 'कथा' म्हणून तिचं, 'संवाद' म्हणून माझं. गावानं पहिलं नाव वाचलं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली. बसली नाही. "मारायचं कोनी लिवलं?"

सर म्हणाले, "हे बघा ताई, ते टीमचं डिसिजन असतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी लॅपटॉपकडं.

"टीचर, तुजी सासू मारते तुला?"

"नाही."

"मंग माज्या सासूला का मारायला लावलंस?"

तिनं टेबलावरची आपली वही उचलली आणि निघून गेली. दार लागल्यावर सर म्हणाले, "अशा लोकांना प्रोसेस समजत नाही." अशाच लोकांसाठी तो वर्ग काढला होता, आणि मीही त्याच यादीतून आले होते. मी मान डोलावली.

पुढं चार महिने मी लिहीत राहिले. तो भाग चालला होता म्हणे. सरांनी मला पुन्हा बोलावलं. "तसाच एक सीन काढ ना. आता सून सासूला मारते." मी दोन दिवस कोऱ्या पडद्यासमोर बसले. तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेले नाही. बोईसरहून रिक्षा केली आणि मुरब्याला उतरले.

ती घरी नव्हती. मासळीच्या लिलावाला खाडीपलीकडं सातपाटीला गेली होती. दारात एक म्हातारी जाळ्याचा गुंता सोडवत बसली होती. हीच ती सासू, हे मला न सांगता कळलं. मी नाव सांगितलं. त्या थप्पडेबद्दल सांगितलं. तुमच्या सुनेनं ती लिहिली नव्हती, मी लिहिली, तिला विचारलंही नव्हतं.

म्हातारीनं मान वर केली नाही. "मी मारलं नाय ह्ये मना माईत हाय. मना काय सांगतीस? त्यांना सांग." आणि तिनं समोरच्या ओट्यावर मासळी निवडणाऱ्या बायकांकडं बोट केलं.

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि सांगितलं. वर्गात पन्नास पोरांसमोर बोलणारी मी, पण तिथं दोनदा पहिल्यापासून सांगावं लागलं. एकाही बाईचा हात थांबला नाही. एक तरुण बाई म्हणाली, "शिरेल खोटीच असते, आमाला काय कलत नाय?"

"मंग तुजी पोरं मना 'मारकी' म्हनून हाका मारतात ती कशाला?" म्हातारी बसल्या जागेवरून कडाडली. "चार म्हयने ऐकतंय मी!"

त्यावर हात थांबले. त्या तरुण बाईनं पदर तोंडाशी नेला. आणि तेवढ्यात म्हातारीची सून आली, डोक्यावर टोपलं, कपडे पाण्यानं भिजलेले. तिनं मला बघितलं, टोपलं उतरवलं.

"कशाला आलीस?"

"खरं काय ते सांगायला."

"सांगितलंस?"

"हो."

"मंग निग आता. च्या विचारनार नाय मी तुला."

मी निघाले. मागून म्हातारीचा आवाज आला. "उन्हातनं आलीय ती. पानी तरी दे."

ते माझ्याशी नव्हतं, सुनेशी होतं. ती जागच्या जागी गोठल्यासारखी उभी राहिली, आणि ओट्यावरच्या सगळ्या बायका एकदम वर बघू लागल्या. त्यावरून मला समजलं की त्या घरात पुन्हा बोलणं बंद झालं होतं, आणि ते माझ्यामुळं. ती आत गेली. तांब्या आणून माझ्या हातात असा दिला की अर्धं पाणी माझ्या साडीवर सांडलं. मी उरलेलं प्यायले. तिनं तांब्या हिसकून घेतला. डोळे लाल होते, पण माझ्याकडं बघताना त्यात मऊपणाचा मागमूस नव्हता.

मी मालिका सोडली. त्यात मोठेपणा काही नाही, मला पुढं लिहायलाच जमेना. शाळेत परत गेले. ती कंपनीत परत गेली नाही, सासूच्या शेजारी बाजारात बसते, असं चिकूवाला सांगतो. काही लिहिते का, ते त्याला माहीत नाही. गेल्या वर्षी बोईसरला नव्या लेखकांचा दुसरा वर्ग सुरू झाला. पहिल्या तुकडीतल्यांनी येऊन चार शब्द सांगावेत म्हणून मला बोलावणं आलं. मी म्हणाले, माझ्यापेक्षा मुरब्याच्या ताईंना बोलवा. वाहिनीकडं तिचा नवा नंबर नव्हता. चिकूवाल्याकडून मिळवून मीच लावला.

तिनं उचलला. "हॅलो ताई, मी टीचर," मी म्हणाले. मी वर्गाचं सांगितलं, तारीख सांगितली, तुम्ही याच म्हणून विनवलं. तिच्याकडून 'हो' नाही, 'नाही'ही नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता. मी बोलायची थांबले. तेव्हा मागून म्हातारीचा आवाज यायला लागला. ती सुनेवर करवादत होती. सुरी कुठं ठेवलीस, बर्फ किती आणलास, गिऱ्हाईक उभं हाय नि तू कोनाशी बोलतीस. एकामागून एक, दम न घेता.

तिनं फोन कानापासून दूर धरला असावा, कारण तो आवाज मोठा होत गेला. बराच वेळ तिनं मला तो ऐकू दिला. मग फोन बंद केला.