काका माझ्यासाठी ओरडलेच नाहीत

मनोहरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँक मॅनेजरच्या नकलेची प्रॅक्टिस करून राहिलो होतो. पलीकडून दीदी, काकांची मुलगी. मी मॅनेजरच्याच आवाजात "जी, कहिए" म्हणून बसलो. "पप्पा सुबह चले गए भैया," ती म्हणाली, "आ जाओ."

याले आता दीड महिना होऊन राहिला. काका रेल्वेतून रिटायर झालेले, समता कॉलोनीत राहायचे. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं... डोंगरगढचा पोट्टा, रायपुरात नकला करून नाव कमवायले आलेला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मले खाली बोलावलं. टीव्हीवर जुनं जपानी नाटक लागलं होतं. तोंडाले पांढरा रंग फासलेल्या नटानं पाय आपटला, मान गर्रकन फिरवली, डोळे तिरपे केले अन् तसाच थांबला. तेवढ्यात प्रेक्षकांतून कोणी जोरात ओरडलं. मले वाटलं, भांडण झालं.

"भांडण नाही रे बावळ्या. ते त्याच्या घराण्याचं नाव आहे. नट थांबला की मागचा जाणकार हाक टाकतो. आधी टाकली तर सीन खराब, उशिरा टाकली तर हाक वाया."

काकांले त्या नटांची कुंडली पाठ होती. कोण लहानपणी बापाचं बोट धरून स्टेजवर आला, कोणाले मोठेपणी आज्याचं स्टेजवरचं नाव मिळालं, कोण जन्मभर बाईच्याच भूमिका करून म्हातारा झाला अन् तरी स्टेजवर सोळा वर्षांची पोट्टीच दिसायचा. त्यांचा लाडका मात्र बिनघराण्याचा होता. मोठ्या घरात जन्मला नाही म्हणून नाटकात त्याले भाला धरून उभं राहण्यापुढे काही मिळेना. वैतागून सिनेमात गेला अन् तलवारवाला हिरो झाला. म्हातारपणी तलवार सुटली, तर नुसता चहा प्यायचा तरी लोक बघत राहायचे. मी लगेच तसा चहा पिऊन दाखवला. काका म्हणाले, "तू नक्कल केली. तो चहा पिऊन राहिला होता."

हा जपानी रिवाज काकांनी रायपुरात आणला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटक असलं की ते शेवटच्या रांगेत बसत. आता आपल्या नटांचं कुठलं घराणं? म्हणून ते मोहल्ल्याचं नाव ओरडायचे. एक वकीलसाहेब जहागीरदार बनून मिशीवर हात ठेवून थांबले, तर मागून खणखणीत, "शंकर नगर!" वकीलसाहेब दचकून संवादच विसरले. दुसऱ्या वर्षी हाक आली नाही, तर विंगेत रुसून बसले. सोन्याच्या दुकानवाल्या काकूंले "सदर बाजार!" मिळालं, ते त्या अजून सगळ्यांले सांगत राहतात.

मले कधीच नाही मिळालं. नेता, भाजीवाली, ट्यूशनचे सर, सगळे करून दाखवले. लोक पोट धरून हसायचे, मागची रांग गप. शेवटी विचारलंच.

"काका, माझ्यासाठी काहून नाही ओरडत?"

"तू थांबतच नाही रे पोट्ट्या! एक हसू विरत नाही तर दुसरा आवाज काढतो. मी हाक टाकू कुठं?"

"बरं, थांबलो तर काय ओरडाल? डोंगरगढ की समता कॉलोनी?"

"आधी थांब तर."

दवाखान्यात भेटायले गेलो तेव्हा मी त्यांच्यासमोर नर्सची नक्कल केली अन् मुद्दाम मध्येच थांबलो. काकांनी डोळे उघडले. "मोजून थांबला," म्हणाले अन् पुन्हा मिटले. आमचं ते शेवटचं बोलणं.

मागच्या रविवारी मंडळानं त्यांच्यासाठी कार्यक्रम ठेवला. मी काकांचीच नक्कल केली... गॅस एजन्सीवाल्याशी फोनवर भांडणारे काका. लोक हसून राहिले होते, दीदीही. समोरच्यानं काकांले होल्डवर टाकलं, तिथं मी फोन कानाले लावून गप झालो. पुढं त्यांनी शिव्या घालायच्या होत्या. तोंडातून आवाजच निघेना. हॉलमधलं हसू विरलं. हाक नेमकी कुठं पडायले पाहिजे, ते मले पहिल्यांदा कळलं. शेवटच्या रांगेतून कोणी काही बोललं नाही.

"भूल गया क्या बे?" विंगेतून सेक्रेटरी कुजबुजला.

मी नाही म्हणून मान हलवली अन् फोन कानाले तसाच धरून ठेवला.