टेप गळ्यात असेपर्यंत

आमच्या पडद्यांच्या दुकानात रोज भांडण व्हायचं आणि त्या भांडणावरच दुकान चालायचं.

माझ्या थोरल्या बहिणीला सगळा बाजार हेडबाई म्हणतो. तिला माणसं लागतात ती कामाला लावायला. गिऱ्हाइकाचं दुसरं पाऊल आत पडायच्या आधी ती विचारणार, खिडकी केवढी, ऊन कुठून येतं, मग हा लाल कशाला घेताय, विटेल तो. तिच्या भागीदारणीला म्हणायचे रेडिओ. तिलाही माणसं लागायची, पण हसवायला. रस्त्यावरून चाललेल्या अनोळखी बाईला ती "कित्ती वाळलीस गं!" म्हणून आत ओढायची आणि ती बाई खरंच आत यायची. दोघींनाही एकटं बसणं म्हणजे शिक्षा. मी मागे मशीनवर पडद्यांचे काठ शिवते. एका म्यानात दोन तलवारी राहायच्या नाहीत, असं मी दोघींनी भागी केली तेव्हाच म्हणाले होते. माझं कोण ऐकतंय!

पण राहिल्या, आणि झकास राहिल्या. कारण साधं होतं. ताईला सुरुवात जमत नव्हती, लोक तिला बिचकायचे. रेडिओला शेवट जमत नव्हता, लोक पोट धरून हसायचे आणि हात हलवत निघून जायचे. मग दोघींनी ते भांडण बसवलं.

"भाव कमी होणार नाही," ताई ठणकावायची.

"अगं, काळजाच्या जागी पडद्याची दांडी बसवलीय का तुझ्या?" रेडिओ लगेच गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभी राहायची.

"मग तूच चालव दुकान!"

"चालवते! आधी स्टुलावरून ऊठ!"

गिऱ्हाइकाला वाटायचं, चला, आपल्या बाजूने कोणीतरी आहे. ताई कुरकुरत भावात थोडी उतरायची आणि पडदा खपायचा.

या सोंगात खरं-खोटं ओळखायला दोघींनी एक खूण ठरवली होती. मापाची टेप गळ्यात असेपर्यंत बोललेलं सगळं खोटं, मनाला लावून घ्यायचं नाही. टेप काढून काउंटरवर ठेवली की खरं बोलायचं. ही खूण दोघींनी कधी मोडली नाही. ताईचा नवरा घर सोडून गेला ते तिने मला, सख्ख्या बहिणीला, नंतर सांगितलं. आधी काउंटरवर टेप ठेवून रेडिओला सांगितलं. मला राग आला होता. पण त्या दुपारी रेडिओने ताईचा हात धरून ठेवला होता आणि ती चक्क गप्प बसली होती, तेव्हा मी राग गिळला.

मग समोरच्या रस्त्यावर काचेचं मोठं शोरूम उघडलं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी दुकान गच्च भरलं होतं. भांडण रंगात आलं. टेप गळ्यात तशीच ठेवून रेडिओ ओरडली, "बास झालं तुझं! मी चालले समोरच्या शोरूममध्ये. तिथे पंखा आहे, गादीची खुर्ची आहे आणि तुझं तोंड नाही!"

"जा की!" ताईने सुनावलं. "अडवलंय कोणी? जाताना दार लावून जा!"

दुकान खदखदून हसलं. सगळ्यात जास्त ताई हसली. शटर ओढताना मला म्हणाली, "आज नवीन वाक्य काढलं बघ तिने. हे ठेवायचं."

सुट्टीनंतर रेडिओ आली नाही. फोन उचलेना. ताप आला असेल म्हणून ताईने मला डबा घेऊन तिच्या घरी पिटाळायची तयारी केली. तेवढ्यात शेजारचा कुलूपवाला म्हणाला, "तुमचा रेडिओ समोर लागलाय की."

ताई दारात गेली, मागोमाग मी. काचेपलीकडे रेडिओ उभी होती, एका गिऱ्हाइकाच्या बाजूला. समोर गणवेशातली एक पोरगी भाव सांगत होती. आवाज येत नव्हता, पण ओठांवरून आम्हाला दोघींना कळलं, दांडीचंच वाक्य होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ताई एवढंच म्हणाली, "टेप काढून सांगायचं होतं."

माझी बहीण फसली ती भोळी म्हणून नव्हे. जगात एकाच खुणेवर तिने विश्वास ठेवला होता आणि हिने त्या खुणेचाच आडोसा केला. हे मी माफ करणार नाही. ताईने केलं तरी मी करणार नाही.

काही दिवसांनी भर दुपारी रेडिओ आमच्या दारात आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताईची टेप मशीनवर पडली होती, तिने ती बरेच दिवस घातलीच नव्हती. रेडिओने गळ्यातली नवी कोरी टेप काढून काउंटरवर ठेवली.

"हेडबाई, हे खरं बोलतेय. मी तुला सांगितलं होतं गं, सगळ्यांदेखत. तूच म्हणालीस जा."

ताई स्टुलावर बसून पडद्याच्या कड्या मोजत राहिली.

"तोंडावर सांगायची हिंमत नव्हती," रेडिओ म्हणाली. "तू जाऊ दिलं नसतंस. आणि तू थांब म्हणाली असतीस, तर मी थांबले असते."

ताई उठली. मशीनवरची टेप उचलून तिने गळ्यात घातली.

"या ना, बसा," ती हसून म्हणाली. "खिडकी केवढी आहे तुमची?"

"अगं, असं नको बोलूस."

"हा निळा बघा. कितीही ऊन लागलं तरी विटणार नाही." ताईने पडदा काउंटरवर झरझर उलगडला. त्याखाली रेडिओची टेप झाकली गेली. "भाव मात्र कमी होणार नाही."

पुढचं वाक्य रेडिओचं होतं. सवयीने तिचं तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. तिने कापडाखाली चाचपून टेप काढली आणि ती निघून गेली.

"बघतेस काय?" ताई माझ्यावर खेकसली. "गिऱ्हाईक गेलं. घडी घाल त्याची."

नंतर संध्याकाळपर्यंत ती येणाऱ्या प्रत्येकाशी हसून बोलली. शटर ओढताना मी विचारलं, "ताई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली.

टेप तिच्या गळ्यातच होती.