आजाऱ्याची काच

प्रिय रेवा, प्रिय ईशान,

मागच्या रविवारी कॉलवर तुम्ही दोघं मागे लागला होतात — आजी, नालवाडीच्या अंगणातला तो जुना पेट्रोल पंप आम्हाला पाठव. ईशानला तो लाल रंगवून हॉलमध्ये उभा करायचाय. रेवा म्हणाली, "किती गोड काळ होता ना आजी, सव्वा रुपयात लिटर!" मी "बघू" म्हणून फोन ठेवला. हे त्याचं उत्तर. नाही म्हणायचं तर कारण पूर्ण द्यायचं, ही माझी शाळेतली सवय अजून गेलेली नाही.

आधी एक स्पष्ट करते. छत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. अंगात येणं, करणी, भुतंखेतं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. वर्गात कुणी असलं बोललं की मी पुरावा मागायचे.

आणि दुसरं. गेल्या मे महिन्यात माझं मनगट मोडलं, दोन दात पडले, तेव्हा बाथरूममध्ये घसरले असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं.

हा पंप तुमच्या पणजोबांचा. आष्टीच्या रस्त्यावर होता, मागे आमचं घर. वर काचेची दोन नळकांडी, मध्ये लोखंडी हँडल. हँडल डावी-उजवीकडे हलवलं की खट्-खट् आवाज करत पेट्रोल खालच्या टाकीतून काचेत चढायचं. एक काच भरली की पाच लिटर. हँडल मारायचे पंपावरचे गडी, उकंडराव. खांदे बैलासारखे, बोलणं तिखट. काच भरली की ते बोटाच्या गाठीनं तिच्यावर दोनदा टकटक करायचे, बुडबुडे वर निघून जायचे, मग म्हणायचे, "काच पाहून घ्या." गिऱ्हाइकानं खुणेपर्यंत भरलेली काच पाहिल्याशिवाय ते नळी सोडत नसत. हो रेवा, तेवढा भाग गोडच होता. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती केशरी काच बघत उभी राहायचे.

मामंजींचा एक नियम होता. डावी काच कायम भरलेली ठेवायची आणि ती विकायची नाही. ती आजाऱ्याची. साप चावला, बाळंतीण अडली, तर आर्वीच्या दवाखान्यापर्यंत गाडी जाईल एवढं पेट्रोल गावात हवंच. कितीतरी लोक त्या काचेवर जगले.

मग भाव एकदम चढले आणि टँकर यायचे बंद झाले. पंप आठवडाभर कोरडा होता. फक्त डावी काच भरलेली. भर दुपारी एक जीप आली, आत पाच जण, प्यायलेले. मी खिडकीत होते. तुमचे आजोबा आतल्या खोलीत जेवत होते. मला सातवा महिना होता.

"उकंडभाऊ, डावी काच तर भरून दिसून राह्यली. सोड ना."

"ते आजाऱ्याचं हाये."

"मले बी ताप आहे, समज."

"ताप असन तर गोधडी घे अन् झोप. जीपमंधी काऊन बसला?"

त्याचेच साथीदार खो-खो हसले. ते हसणं उकंडरावांना भोवलं. तो माणूस खाली उतरला, खीळ काढून पंपाचं हँडल उपसलं आणि पहिला वार थेट जबड्यावर केला. हाड मोडल्याचा आवाज मला खिडकीत ऐकू आला. उकंडराव पडले नाहीत. काचेपुढे हात पसरून उभे राहिले. दुसरा वार खांद्यावर, तिसरा कानावर... बाकीच्यांनी त्यांचे हात धरले.

"मालक!" ते ओरडले. "मालक, या!"

आजोबा भरल्या हातानं धावत आले. मी दाराला कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिले. ते म्हणाले, "बाजूला हो." मी हलले नाही. त्यांना मला ढकलता येईना, पोटात तुमची आई होती. ते भिंतीवर मुठी आपटत होते, बाहेर हँडल बसत होतं, आणि मी मोजत होते. का मोजत होते, माहीत नाही. अकरा. अकराव्यानंतर बाहेर फक्त जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

मी कडी काढली. फरशीवर रक्त, त्यात दात. डावी काच शाबूत होती.

त्याच काचेतलं पेट्रोल घालून आजोबांनी उकंडरावांना आर्वीला नेलं. रस्त्यातच उकंडराव गेले.

तिघांना शिक्षा झाली. हँडल सापडलं नाही. पोलिसांनी दोन विहिरी उपसल्या. पुढे आम्ही नालवाडीला आलो तेव्हा आजोबांनी पंप सोबत आणला आणि अंगणात सिमेंटमध्ये रोवला. हँडलशिवाय. खाली टाकी नाही, पाइप कापलेला. त्या दाराचा विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. मीही नाही. आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

आता गेला मे. दुपारचे तीन, गल्लीत चिटपाखरू नाही. दोन तरुण आले.

"आजी, पाणी भेटन का?"

मी पाणी घेऊन बाहेर आले तर एकाच्या हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणि दुसरा पंपाच्या माथ्यावरचे स्क्रू काढतोय.

"वरचं पितळ नेतो फक्त. तुमाले काय काम आहे त्याचं?"

"हात काढ. पोलिसांना फोन करते."

"करा ना, आजी. फोन कुठी आहे?"

फोन आत होता. मी वळले तेवढ्यात सब्बलवाल्यानं केस धरून मला फरशीवर आपटलं. तोंड रक्तानं भरलं. बांगडी निघेना म्हणून त्यानं मनगटावर पाय दिला आणि सगळा भार टाकला. मी ओरडले तशी त्यानं सब्बल उचलली. ती माझ्या डोक्यावर येणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

खट्.

खट्-खट्. खट्-खट्.

पेट्रोलचा वास आला, जुना, डोक्यात चढणारा. मी पडल्या पडल्या वर पाहिलं. डाव्या काचेत केशरी पाणी चढत होतं. ते दोघंही बघत होते, म्हणजे हा माझ्या डोक्याला लागलेल्या माराचा भास म्हणता येत नाही. काच खुणेपर्यंत भरली. मग काचेवर दोनदा टकटक.

पहिला वार त्याच्या जबड्यावर बसला. मारणारं कुणी नव्हतं. हवेतून आल्यासारखा आला आणि तोंड एका बाजूला गेलं. तोच आवाज... पन्नास वर्षांत मी तो विसरले नव्हते. दुसरा खांद्यावर. तिसरा कानावर. त्याच क्रमानं! दुसरा पोरगा कंपाउंडवरून उडी टाकून पळाला. हा फरशीवर लोळत होता, "आजी... आजी..." म्हणत होता, आणि मी पुन्हा मोजत होते. सात. आठ. नऊ. त्यानं मला मारायला सब्बल उचलली होती. मी गप्प बसले असते तर कुणी मला दोष दिला नसता.

दहा.

"उकंडराव!" मी ओरडले. "बस! मरेल तो!"

अकरावा वार पडला नाही.

पोलीस आले. तो पोरगा सेवाग्रामच्या दवाखान्यात जगला; जबडा तारेनं बांधला. शुद्धीवर आल्यावर त्यानं लिहून दिलं की म्हातारीनं मारलं. साहेब माझ्या प्लास्टरकडे बघून म्हणाले, "आजी, तुमी तर पहिलवान निघाल्या. हत्यार कुठी ठेवलं?" जखमा गोल लोखंडी दांड्याच्या होत्या. सब्बलीच्या नव्हत्या. असा दांडा घरात सापडला नाही.

मी बराच विचार केला. पाइप स्वतः पुन्हा तपासला, तो कापलेलाच आहे. शेजारच्या फिजिक्सच्या सरांना दाखवला. ते दोनदा वास घेऊन गेले आणि नंतर आले नाहीत. पण मला झोप येत नाही ती वेगळ्या प्रश्नानं. त्या माणसानं हाक मारली तेव्हा मी दार लावून घेतलं. माझ्यासाठी तो का आला? मी कडी घातली नसती तर आजोबाही जिवानिशी गेले असते, हेही खरं. पण ते मी स्वतःला सांगते, उकंडरावांना सांगायची हिंमत होत नाही.

म्हणून पंप पाठवणार नाही. तुळशीपुढचा दिवा मी मागच्या दारी हलवला आहे. शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय — कुणी आजारी पडलं आणि गाडीत पेट्रोल नसेल, तर फाटक उघडंच असतं.

डावी काच अजून खुणेपर्यंत भरलेली आहे.

तुमची,
आजी