उभ्या बाईचं माप

तिगाव स्टेशनाच्या मागच्या वस्तीत आमच्या दोन घरं पलीकडे देवीदासजी सोमकुंवर राहतात. चौतीस वर्षं ते रेल्वेत होते, त्यातली शेवटची वीस कीमन म्हणून. कीमन म्हणजे सकाळी हातोडा खांद्यावर टाकून रुळांच्या चाव्या तपासत चालणारा माणूस. ढिली दिसली की ठोकायची आणि पुढे निघायचं. इतकं चालल्यावर माणूस निवृत्त झाला की बसूनच थकतो. देवीदासजींचं तसंच झालं. पहिल्या महिन्यात त्यांनी घराची कौलं शाकारली, दुसऱ्यात कुंपण नीट केलं आणि तिसऱ्यात जयवंताबाईंच्या स्वयंपाकात लक्ष घालायला लागले.

"अवो, तुम्ही बाहेर जाऊन या ना जराक," जयवंताबाई म्हणायच्या. "मी तीस वर्षं भाजी केली, कोणी असं गंजात डोकावून नाही पाह्यलं."

अशात एक दिवस गल्लीत भांडेवाली आली. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी. जयवंताबाईंनी पेटीतून वर्दीचं गाठोडं काढलं. सुरुवातीच्या काळातल्या खाकी, मग निळ्या, जाड्या टेरीकॉटच्या, आणि वर दोन नारिंगी जॅकेटं. भांडेवालीनं एकेक उचलून उन्हात धरली, चुरगाळली, खाली टाकली.

"एक वाटी देतो, मावशी."

"एवढ्याची एक वाटी?"

"कोण घालते वर्दी? पोतेरं बी होत नाही याचं. पाणीच पित नाही."

देवीदासजी ओट्यावर बसून हे ऐकत होते. उठले, गाठोडं बांधलं आणि आत घेऊन गेले. वाटी तिची तिनं नेली.

"आता याचं काय करता?" जयवंताबाईंनी विचारलं.

"शिवतो."

"काय?"

"ते नाही मालूम. पण शिवतो."

घरात पायाची शिलाई मशीन होती. मुलगी प्रज्ञा शाळेत असताना तिच्यासाठी घेतलेली. प्रज्ञा शिवणं सोडून सगळं शिकली, नर्स झाली, लग्न होऊन सौंसरला गेली. मशीनवर टीव्ही बसला. देवीदासजींनी टीव्ही उतरवून फळीवर ठेवला, मशीनला तेल दिलं, आणि एका पँटीचा पाय कापून पिशवी शिवायला घेतली. चांगला तासभर टकटक चालू होती. शेवटची टीप मारून ते मोठ्या डौलानं उठले, तर पिशवीही त्यांच्याबरोबर उठली. अंगातल्या शर्टाचा घोळ सुईखाली गेला होता आणि पिशवीच्या बुडाशी पक्का शिवला होता.

जयवंताबाई इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकून खाली बसावं लागलं. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "शिवाचंच असन तं कोणाजवळ शिका तरी."

पांढुर्ण्याला बसस्टँडजवळ चंचल नावाची पंचविशीतली मुलगी शिलाईचा क्लास घेते. आठ मशीन, आठ पोरी. देवीदासजी कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभे राहिले तेव्हा आतल्या सगळ्या मशीन एकदम थांबल्या.

"काका, कपडे शिवाले टाकाचे हायेत का?"

"नाही बेटा. शिकाचं हाय."

चंचल गोंधळली. "पण हा लेडीज क्लास हाय ना, काका."

"मी दारातच बसतो. आत येतच नाही. तू तिकडून सांगजो, मी इकडून ऐकतो."

तिला नाही म्हणता येईना. दारात, चपलांच्या शेजारी, एक जुनी मशीन लावून दिली. आणि पहिल्या दिवशी हातात मशीनऐवजी ब्लेड दिलं.

"पहिले उसवा. एक पूर्ण वर्दी उसवा, कपडा न फाडता धागा काढा. कोणता तुकडा कुठचा ते लिहून ठेवा. जुन्या कपड्यातून नवा कराचा असन तं पहिले जुना कसा बनला ते पाहा लागते."

पंधरा दिवस देवीदासजी नुसते उसवत होते. पोरींचे ब्लाउज निघाले, परकर निघाले, हे आपले दारात बसून एकेक टाका काढतायत. पण त्यात त्यांचा जीव रमला. जी पँट इतकी वर्षं पायात घातली, तिला आत काय काय होतं ते त्यांना प्रथमच दिसत होतं. खिशाचं कापड वेगळं, कमरेला कडक पट्टी, आणि मागच्या शिवणीत आत दाबून ठेवलेला दोन बोटं जास्तीचा कपडा.

"हे एवढं कायले ठेवलं?"

"त्याले माया म्हणतात, काका," चंचल म्हणाली. "माणूस जाडा झाला तं सोडाले. चांगला टेलर माया ठेवते. कंजूस टेलर ठेवत नाही."

मागच्या शिवणीतली माया तीनदा सोडलेली दिसत होती. देवीदासजींनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि पुढचा टाका काढला.

सरळ टीप त्यांना आली ती मात्र मशीन चालवायला घेतली त्या पहिल्याच दिवशी. पोरी महिना महिना गिरवत होत्या आणि यांची टीप दोरी मारल्यासारखी. चंचलनं सगळ्यांना उठवून दाखवली. "पाहा गं, असं पायजे." देवीदासजी म्हणाले, "यात काय हाय! जिंदगीभर दोन सरळ लाइनीच पाहत आलो." पण बाही जोडायची वेळ आली, गोल मुंढा आला, आणि सगळं बिघडलं. चुण्या पडत, कापड पळे, एकदा तर डावी बाही उजवीकडे आणि तीही उलटी लागली. पोरी हसायच्या. काही दिवसांनी त्याही सांगायला लागल्या, "काका, वळणावर हळू ना. गाडी बी हळू करते का नाही?" हे त्यांना पटलं.

शिकायचं तर शिकले, पण शिवायचं काय हे ठरत नव्हतं. पिशव्या चार झाल्या, घरात तेवढ्यांत ठेवायला सामान नव्हतं. एक दिवस ओट्यावर बसले असताना सुशीलाबाई रस्त्यानं येताना दिसल्या. सुशीलाबाई म्हणजे आमच्याकडच्या वेचणीच्या बायांच्या पुढारी. कापूस असो की संत्रा, कोणाला किती बाया पाहिजेत ते त्यांनाच सांगायचं. त्यांनी लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घातला होता, बायका शेतात घालतात तसा. शर्ट बगलेत पार फाटलेला, आणि हातावर ओरखडेच ओरखडे.

"सुशीलाबाई, हे काय झालं?"

"संत्र्याचे काटे, भाऊ. आन् कापसाच्या पराटीची बोंडं. शर्ट काय टिकते? हात वर केला का फाटला."

देवीदासजींना वर्दी आठवली. चौतीस वर्षांत झाडीतून, झुडपातून, बाभळीतून गेली, फाटली म्हणून नाही. "मी तुमाले कोट शिवून देतो," ते म्हणाले. "वेचणीचा कोट. खिसेवाला. ओटी बांधाचं काम नाही."

आठ दिवस खपून कोट तयार झाला. निळ्या शर्टाचं धड, खाकी पँटीच्या लांब बाह्या, मनगटाला बटण. समोर पोटावर एक भला मोठा खिसा, आडवा. मुंढा दोनदा उसवून तिसऱ्यांदा जमला होता. सुशीलाबाईंना ओट्यासमोर उभं करून घातला तर मापात अगदी फिट्ट. देवीदासजींनी चार पावलं मागं जाऊन पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कोट कसा चालतो ते बघायला स्वतः शेतात गेले.

पहिली अर्धी ओळ बरी गेली. मग खिसा भरायला लागला. सुशीलाबाई वाकल्या की कोट पाठीत ओढायचा आणि खिसा गुडघ्यांमध्ये लोंबायचा. पाय टाकायला जागा नाही. बदकासारख्या फेंगड्या चालत त्या ओळीच्या टोकाला पोचल्या आणि ताठ उभ्या राहिल्या, तशी कापसानं फुगलेली ती निळी ढेरी सगळ्या बायांना दिसली.

"काय वो सुशीला, कितवा महिना?"

"भाऊनं शिवला ना बाई, भाऊलेच इचार!"

शेतभर हशा झाला. सुशीलाबाईही पोट धरून हसत होत्या, आणि ते पोट धरणं पाहून बाकीच्या आणखी. देवीदासजी थोडे हसले, मग कोट घडी करून काखेत मारून घरी आले. कोट खाटेवर टाकला.

"नाही जमलं," ते जयवंताबाईंना म्हणाले. "माप बरोबर होतं. उभी राहिली तं कसा मस्त बसला होता."

जयवंताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात पुसले, कोट उचलून लुगड्यावर चढवला आणि ओसरीत मधोमध उभ्या राहिल्या.

"तुम्ही उभ्या बाईचं माप घेतलं. कापूस काय उभ्यानं वेचतात?"

आणि त्या वाकल्या. कमरेतून, पाठ जवळजवळ आडवी, एक पाय पुढे. दोन्ही हात आपोआप चालायला लागले. डावा बोंड धरून, उजवा खेचून, मुठीत साठवून, मूठ भरली की कमरेशी. ओसरीत कापूस नव्हता, झाड नव्हतं, पण हात बरोबर कापसाच्या उंचीवर जात होते. गुडघे दुखायला लागले तसं त्यांनी सात वर्षांपूर्वी शेत सोडलं होतं. त्याआधी त्यांनी वीसेक हंगाम वेचणी केलेली.

देवीदासजी बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला कापूस वेचताना कधी पाहिलंच नव्हतं. ते सहाला रुळावर जायचे, ती साताला शेतात. संध्याकाळी दोघंही घरी, आणि तोवर ती चुलीपाशी असायची.

"पाहता काय? घ्या ना माप," जयवंताबाई वाकलेल्याच म्हणाल्या. "माही कंबर काय रिकामी हाय का?"

त्यांनी धावत जाऊन टेप आणला. मानेपासून कमरेपर्यंत वाकलेल्या पाठीचं माप घेतलं, तर ते उभ्या मापापेक्षा चार बोटं जास्त निघालं. हात पुढे ताणल्यावर बगलेत कुठे ओढतं तिथे खडूनं खूण केली. मूठ भरून हात कमरेशी जिथे जायचा तिथे दोन्ही बाजूंना फुल्या मारल्या.

"खिसा इथी. समोर नाही. दोन पायजे, म्हणजे वजन बरोबर राहाते. आन् खाली तोंड ठेवा, नाडी बांधा. नाडी सोडली का कापूस पडला ढिगावर. हात घालून घालून काढत बसा लागत नाही."

"अवं, तू तं चंचलपेक्षा हुशार हाय," देवीदासजी म्हणाले.

"मग! विचारलं कोणी?" असं म्हणून त्या कमरेवर हात देत सरळ झाल्या.

नवा कोट तसा शिवला. पाठीत दोन मोठ्या चुण्या, बगलेत चौकोनी तुकडा, कमरेला दोन बाजूंना दोन पिशवीखिसे. बगलेतला तुकडा चंचलही समोर बसून त्यांच्याबरोबरच शिकली, कारण तिलाही तसला कधी लावायचा प्रसंग आला नव्हता. सुशीलाबाईंनी तो घालून दिवसभर कापूस वेचला आणि संध्याकाळी परत द्यायला आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सहा बाया ओट्यासमोर उभ्या. "आमाले बी." सहा कोट व्हायला महिना गेला. वर्दीचं गाठोडं संपलं, दोन नारिंगी जॅकेटं तेवढी उरली.

मग संत्र्याचा तोडा, म्हणजे फळं उतरवायचा हंगाम, आला. रामाकोन्याच्या रस्त्याला भाऊराव नावाच्या शेतकऱ्याची बाग आहे. तिथे सुशीलाबाईंच्या बाया टेम्पोनं गेल्या. देवीदासजींना कोट संत्र्याला कसा चालतो ते पाहायचं होतं. प्रज्ञाकडे जायचं निमित्त काढून दोघं नवरा-बायको सौंसरच्या बसमध्ये बसले, आणि प्रज्ञाकडे पिशवी टेकवून थेट बागेत गेले.

काटे कोटाला लागत नव्हते, ते खरं. पण संत्रं म्हणजे कापूस नव्हे. सुशीलाबाई शिडीवर, दोन्ही खिसे गच्च भरलेले, आणि खाली भाऊराव हात कमरेवर ठेवून, वर पाहत विचारतायत, "हे कायचे कपडे घालून आल्या तुम्ही सगळ्या? पलटन हाय का?" तेवढ्यात उजव्या खिशाची नाडी सुटली. वीस-पंचवीस संत्री धडाधड भाऊरावांच्या डोक्यावर, खांद्यावर, पायांवर.

देवीदासजी झाडामागून पुढे आले. "माही चूक हाय, जी. नाडी वजन धरत नाही. मी शिवलेला कोट हाय तो."

भाऊरावांनी टोपी उचलली, झटकली. "तुम्ही शिवला? टेलर हाय का?"

"नाही जी. शिकून राहिलो."

भाऊरावांनी सुशीलाबाईंना खाली बोलावलं. खिसा आतून-बाहेरून पाहिला, नाडी ओढून पाहिली. "खालून मोकळा होते म्हणता? म्हणजे ढिगावर हळूच ठेवता येतीन. टाकले का फळ दुखते ना." मग म्हणाले, "नाडी काढा. बटण लावा, मोठे."

देवीदासजींनी सुईदोरा खिशातून काढला. बटणं भाऊरावांच्या बायकोनं जुन्या स्वेटरांची काढून दिली. झाडाखाली बसून हातानं चौदा बटणं लावली, काज तिथेच कापली. दुपारच्या भाकरीपर्यंत सगळे सात कोट तयार.

तोवर जयवंताबाई कुठे गेल्या म्हणून पाहिलं, तर त्या दोन झाडांपलीकडे. एका बाईनं बटण लावून घेतलेला कोट त्यांनी मागून घेतला होता. शिडी चढायची नव्हती, म्हणून खालच्या फांद्यांची संत्री कात्रीनं काढत होत्या, देठ अगदी बारीक ठेवून, आणि सुशीलाबाईंशी मोठमोठ्यानं बोलत होत्या. सात वर्षांत त्यांचा असा आवाज वस्तीत कोणी ऐकला नव्हता, असं नंतर सुशीलाबाईंनीच मला सांगितलं. देवीदासजींनी त्यांना हाक मारली नाही. भाकर झाडाखाली झाकून ठेवली आणि वाट पाहिली.

त्याला आता दुसरं वर्ष आहे. भाऊरावांनी पोतं भरून जुन्या पँटी पाठवल्या होत्या, त्यांचे कोट होऊन गेले. लोक आपापल्या घरचे जाड कपडे आणून देतात. कोणाच्या जावयाचा होमगार्डचा ड्रेस, कोणाची कारखान्यातली डांगरी, एक बस कंडक्टरचा संपूर्ण सूट. वेचणीच्या दिवसांत तिगावच्या शेतात लांबून पाहिलं तर वाटतं सगळी खाती कापूस वेचतायत. चंचलनं देवीदासजींची मशीन दारातून उचलून आत खिडकीपाशी नेली आहे. वळणाची टीप त्यांची आता कुठे जरा सुधारली.

कॉलर मात्र त्यांना अजून येत नाही. या हिवाळ्यात जयवंताबाईंनी पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी मागितलं. मानेला थंडी लागते, कॉलरचं जॅकेट पाहिजे. देवीदासजींनी उरलेल्या नारिंगी कापडाचं शिवलं. जॅकेट छान झालं, कॉलर एका बाजूनं बसली, दुसऱ्या बाजूनं बकरीच्या कानासारखी उभी राहिली. दाबून, इस्त्री करून, काही केल्या खाली येईना. ते म्हणाले, दे, पुन्हा करतो. जयवंताबाईंनी दिलं नाही. तेच घालून पांढुर्ण्याच्या बाजाराला गेल्या. मी बरोबर होते. भाजीवाल्या बाईनं तो कान पाहून विचारलंच, "मावशी, कोण्या टेलरनं शिवलं वो हे?"

जयवंताबाई वांगी निवडता निवडता म्हणाल्या, "घरचाच हाय. नवीन हाय, शिकून राहिला."