आईचा ट्रक आणि तीन बंद लिफाफे

अन्याय माझ्या आईवर झाला. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, दुपारी सव्वाबाराला, दिल्लीत नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात, पहिल्या मजल्यावरच्या एका दुकानात. वेळ इतकी नेमकी माहीत आहे, कारण पुरावा म्हणून व्हिडिओ घ्यायला मी मोबाइल वर केला होता आणि आईनं माझा हात खाली दाबला.

ती एवढंच म्हणाली होती, "ट्रक चलाने वाला गेम खेलना है. साठ हज़ार में, मॉनिटर के साथ. क्या-क्या लगेगा?"

दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि उत्तर मला दिलं. "बच्चे के लिए है? आंटीजी के लिए तो ऑफिसवाला पीसी बहुत है. भजन-वजन सब चलेगा."

भजन! आमच्या नागपूरहून आलेल्या बौद्ध घरात भजन फक्त वरच्या मजल्यावरून ऐकू येतं.

मी सुटले. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाची पत्रकं मी शाळेत असल्यापासून लिहिते. आता मुनिरक्यात खोली घेऊन राहते आणि तिथल्या भाडेकरूंची पत्रकं लिहिते. मला राग येतो तोही मुद्देसूद, एक-दोन-तीन आकडे घालून. बाईनं काय खेळावं हे ठरवणारे तुम्ही कोण, इथून सुरुवात केली आणि ग्राफिक्स कार्डच्या किमतीपर्यंत पोचले. तो ओरडला, मी ओरडले, शेजारचा प्रिंटरवाला बघायला आला. आई पर्स छातीशी धरून मागे उभी होती.

लाजपत नगरला मेट्रो बदलताना ती म्हणाली, "छान भांडलीस. गेम राहिला."

गेमचं सांगते. आईकडे लग्नाआधीपासूनचं ड्रायव्हिंग लायसन्स आहे. दिल्लीत आल्यावर तिनं गाडी चालवली नाही, कारण बाबा म्हणायचे, "मी आहे ना." बाबा आहेतच, प्रश्न तो नाही. मागच्या वर्षी माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिनं हा गेम सुरू केला. परक्या देशातले लांबच लांब रस्ते, बर्फ, मागे अठरा टन माल. पण प्रत्येक वळणावर लॅपटॉपचं चित्र अडकायचं, आणि ते पुन्हा हलेपर्यंत ट्रक खड्ड्यात. एक वळण, डोंगरातलं, तिला कधीच पार करता आलं नाही. म्हणून साठ हजार जमवले. वळण घ्यायचं होतं, बस्स.

त्या रात्री मी आई-बाबांकडेच थांबले आणि दुकानाविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं, तर आई डायनिंग टेबलावर दुसराच कागद लिहीत होती. ती एका मंत्रालयात खरेदीच्या फायली बघते. खुर्ची असो की झेरॉक्स मशीन, काय हवं ते आधी लिहून काढायचं, तोच कागद तीन दुकानांना द्यायचा, तिघांकडून बंद लिफाफ्यात भाव घ्यायचे. ही सवय तिच्या हाडात आहे. आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमधलं गीझरसुद्धा तीन लिफाफ्यांतून आलंय.

"कोणत्या तीन दुकानांना?" मी विचारलं.

"त्याला पण."

"त्याला? आई, यार, त्यानं तुझा अपमान केला!"

"नियम सगळ्यांना सारखा. तू बाकीचं बघ."

बाकीचं मी बघितलं, आणि काय मजा आली म्हणून सांगू! आठवडाभर रोज फोन. प्रोसेसर मधला घेतला तर ग्राफिक्स कार्डाला किती उरतात? या गेमला मेमरी किती लागते? मी व्हिडिओ बघून सांगायची, ती लिहून घ्यायची आणि उलटतपासणी करायची. "हे लागतंच, की बरं दिसतं म्हणून?" ऑफिसात इतकी वर्षं हाच प्रश्न विचारून तिनं साहेबांना जेरीस आणलंय.

पुढच्या शनिवारी तिन्ही दुकानांत कागद गेले. पहिल्यानं, म्हणजे भजनवाल्यानं, तिच्या कागदाकडे बघून हसून घेतलं. दुसरा म्हणाला, "व्हॉट्सॲप कर दूँगा." आई म्हणाली, "लिफ़ाफ़े में. मुहर के साथ." तिसरं दुकान तळघरात. म्हातारे सरदारजी, चष्मा कपाळावर. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि आईला, फक्त आईला विचारलं, "मॅडमजी, कीबोर्ड से चलाओगे या स्टीयरिंग लगाओगे?"

आई लाजली. लग्नाच्या अल्बममध्येही ती इतकी लाजलेली नाही. "अभी कीबोर्ड," ती म्हणाली. "बाद में देखेंगे."

आठवड्यात तिन्ही लिफाफे आले, ते रविवारी दुपारी उघडले. बाबांना साक्षीदार म्हणून बसवलं, सही करायला लावली. आणि सगळ्यात कमी भाव कुणाचा? भजनवाल्याचा!

"झालं," मी म्हणाले. "आता त्यालाच पैसे द्या. नियम."

आई फूटपट्टी ठेवून एकेक ओळ खाली येत होती. पट्टी एका जागी थांबली. पॉवर सप्लाय, म्हणजे अख्ख्या मशीनला वीज पुरवणारा डबा. तो हलका असला तर एक दिवस स्वतः जळतो आणि बाकीच्यांनाही घेऊन जातो. कागदात आईनं कंपनीचं नाव आणि वॉरंटी मागितली होती. यानं लिहिलं होतं, 'लोकल'.

"एकदा ऑफिसात खुर्च्या सगळ्यात स्वस्त म्हणून घेतल्या," आई म्हणाली. "सहा महिन्यांत चाकं निघाली. फाइलवर सही माझी होती." आणि लाल पेननं त्या ओळीवर फुली मारली.

हरलेल्याला कळवायचं असतं, म्हणून ती स्वतः त्याच्या दुकानात गेली. मला तोंड बंद ठेवायची ताकीद होती. "आपका कोटेशन तकनीकी आधार पर निरस्त किया जाता है," ती म्हणाली. "पावर सप्लाई में कंपनी और वारंटी नहीं लिखी."

त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. "मॅडम, आप... किस डिपार्टमेंट से हैं?"

"ग्राहक हूँ," आई म्हणाली.

मी आजवर लिहिलेली सगळी पत्रकं त्या दोन शब्दांपुढे रद्दी आहेत.

मग तळघरात, कारण उरलेल्या दोघांत भाव सरदारजींचा कमी होता. सरदारजींनी एकेक पार्ट काढून ठेवला, आणि शेवटी ते सगळे बसवायच्या दोन कॅबिनेट दाखवल्या. एक काळी, साधी. दुसरी काचेची, आत रंग बदलणारे पंखे. अठराशे रुपये जास्त.

"साधी," मी सांगून टाकलं. "लाइट म्हणजे शुद्ध लूट. त्यानं गेमला काहीही फरक पडत नाही, अंकलजी."

"मला लाइट हवेत," आई म्हणाली.

"अगं, पण त्याची गरज काय?"

आई माझ्याकडे वळली. आवाज चढला नाही. "त्यानं ठरवलं मला भजन पुरे. तू ठरवतेस मला काळा डबा पुरे. फरक सांग."

सरदारजी एकदम स्क्रू मोजायला लागले.

त्या शनिवारचं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं: भांडलो आम्ही दोघं, ट्रक हवा होता तिला, आणि तिला पुढे काही विचारायची आठवण ना त्याला झाली, ना मला.

अठराशे तिनंच यादीतून काढले. एक टीबीच्या जागी अर्धा टीबी स्टोरेज. "खेळायचा एकच गेम," ती म्हणाली, "एवढं गोदाम कशाला?" बिल्कुल बरोबर होतं. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आता रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये निळा-जांभळा उजेड असतो. आई बर्फातून टोमॅटो नेते. चिटपाखरू नसलं तरी लाल सिग्नलला थांबते. बाबा शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून म्हणतात, "अगं, हळू! डावीकडून घे!" आणि ती म्हणते, "गप्प बसा, नाहीतर बर्फात उतरवीन."

पहिल्याच रात्री ते डोंगरातलं वळण आलं. आम्ही तिघंही पुढे सरकलो. चित्र अडकलं नाही. आईनं गिअर खाली घेतला, अठरा टन टोमॅटो दरीच्या कडेनं अलगद वळवले आणि पलीकडे गेल्यावर, रस्ता पूर्ण रिकामा असताना, हॉर्न वाजवला. दोनदा.

हे पत्रक वाचणाऱ्याला माझी एकच मागणी आहे. आज घरी गेलात की आईला विचारा, तुला काय खेळायचंय? ती सांगेल ते कागदावर लिहून घ्या, लाइटसकट. आणि काउंटरवर तिला पुढे उभं करा, तुम्ही मागे थांबा, पर्स धरा.